मधली 120 कुठं गेली?

पत्र्यावर पाऊस एवढा वाजतोय की इंजिनाचा आवाज ऐकायला मिस्त्रींना बोनेटखाली पार आत वाकावं लागतंय. शिराळ्यातून कोकरूडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हे गॅरेज आहे. दोन गाड्या मावतील एवढी शेड, मधे एक खड्डा, कोपऱ्यात कॉम्प्रेसर, भिंतीवर पान्ह्यांची फळी. पंचमी तोंडावर आलीय. रस्त्यापलीकडे मंडळाची पोरं भर पावसात मांडवाचे वासे उभे करतायत.

तात्यांना घाई आहे. पंचमीला लेक माहेरी येणार, तिला कराड स्टेशनवरून आणायचंय, आणि गाडी तर चढाला दम टाकतेय. खिशातून ते एक चकचकीत खोकं काढतात आणि बोनेटच्या कडेला ठेवतात.

"हायवेकडं एका गॅरेजात दाखवली. स्कॅनर लावला आन् म्हणाले, एअर फ्लो सेन्सर गेलाय. कंपनीचा लई महाग, म्हणून ह्यो दुसरा आणलाय. तेवढा बसवून द्या, झालं."

मिस्त्री खोकं उचलतात, उलटसुलट पाहतात, फळीवर ठेवतात. "बसवू की. पण आधी जुना खोटं बोलतोय का बघू. काय काय करतीया गाडी?"

"सपाटीला झ्याक पळती. चढ आला, चार माणसं बसली, की ओढत न्हाय. मागं काळा धूर. आन् ते पिवळं लाईट."

"थंड असताना का गरम झाल्यावर?"

"दोन्ही."

"कधीपासनं?"

तात्या आठवतात. "उन्हाळ्यात रेडिएटर गळत हुता, तो काढून नीट करून घेतला. त्याच्यानंतरच म्हणा."

मिस्त्री खडूचा तुकडा घेतात आणि शेडच्या पत्र्यावर एकच शब्द लिहितात: रेडिएटर. त्याबद्दल बोलत मात्र काही नाहीत.

हाताखालचा पोरगा आयटीआय करून आलेला आहे. तो स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनरची वायर खुपसतो. भारतात बीएस-4 गाड्यांना एप्रिल 2013 पासून ओबीडी-2 सक्तीचं झालं, तेव्हापासून गाडीची दुखणी विचारायची ही ठरलेली जागा आहे. टॅबवर दोन ओळी उमटतात. पी-0101. पी-0299.

"पहिला मास एअर फ्लोचा, रेंज परफॉर्मन्स," पोरगा वाचतो. "दुसरा टर्बो अंडरबूस्ट."

"म्हंजे सेन्सरच की," तात्या म्हणतात.

"न्हाय. 0102 नायतर 0103 आला असता तर मी आधी वायर धरली असती. तिथं सिग्नल पार तळाला नायतर पार टोकाला गेलेला असतोय. 0101 म्हंजे सेन्सर आकडा सांगतोय, पण त्यो आकडा बाकीच्यांच्या आकड्याशी जुळत न्हाय. आता ह्यात चुकतोय कोण, ते कोडात लिवलेलं नसतंय."

पोरगा 'इरेज'च्या बटणाकडे बोट नेतो. मिस्त्री त्याचा हात धरतात. कोड पुसला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. कोड पडला त्या क्षणाची ती नोंद. इंजिनाचे फेरे 2350, वेग ताशी 46 किलोमीटर, लोड 90 टक्क्यांच्या वर. म्हणजे तात्यांचा तो चढच. पोरगा पडद्याचा फोटो काढून ठेवतो.

गाडी जुनी सेडान आहे. आत 1248 सीसीचं 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन, बदलत्या पात्यांचा टर्बो आणि इंटरकूलर असलेलं, 90 पीएसचं. इटलीत आखलेलं हे इंजिन आपल्याकडे पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातल्या मानेसरला बनायचं, आणि एकेकाळी निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत दिसायचं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि भारतात त्याचा मुक्काम संपला. पण शिराळा, वाळवा, शाहूवाडीच्या रस्त्यांवर ते अजून भरपूर आहे, आणि मिस्त्रींच्या हाताला त्याच्या नळ्या न बघता सापडतात.

पहिलं काम इंजिन बंद ठेवून. चावी फक्त 'ऑन'वर. पोरगा आकडे सांगत जातो. मॅनिफोल्डमधला दाब 945 मिलिबार. इंजिन बंद असताना आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा. समुद्रकाठी तो 1013 च्या आसपास भरतो, शिराळा उंचावर म्हणून कमी. फोनवरचं हवामानाचं पान समुद्रसपाटीला आणून दाखवतं, तेव्हा त्याच्याशी ताडायचं नाही, हेही मिस्त्री सांगून टाकतात. म्हणजे दाब मोजणारा मॅप सेन्सर निदान सुरुवात तरी बरोबर करतोय.

मग एअर फ्लो सेन्सर. फिल्टरचा डबा आणि टर्बोकडे जाणारी जाड नळी यांच्या मधे तो बसलेला आहे. कपलर न काढता मागच्या बाजूने मिस्त्री मल्टिमीटरची टोकं लावतात. पुरवठा 12.3 व्होल्ट. जमिनीच्या वायरला बॅटरीच्या ऋण टोकाशी ताडून पाहिलं तर फरक जवळजवळ शून्य. सिग्नल 1.01 व्होल्ट.

"हवा थांबलेली असली की ह्या जातीचा सेन्सर एक व्होल्टाच्या आसपास बसतोय. ह्यो बसलाय. नव्या गाड्यांतला व्होल्ट सोडून फ्रिक्वेन्सी देतोय, तिथं हे मीटर लावून काय कळायचं न्हाय."

मिस्त्री वायरीची जुडी हाताने हलवतात, वाकवतात, बोटाने चाचपत मागेपर्यंत जातात. आकडा जागचा हलत नाही. उंदरानं कुरतडल्याची खूण नाही. पावसाळ्यात शेतातले उंदीर गरम बोनेटखाली मुक्कामाला येतात, त्यामुळे ही तपासणी इथं कधी चुकत नाही.

फिल्टरचा डबा उघडतो. तांबूस धूळ आहे, पण फिल्टर कोंदलेला नाही. शिराळा तालुक्यात उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी होते. त्या दिवसांत शेताकडेच्या रस्त्याने फिरलेल्या प्रत्येक गाडीचा फिल्टर असाच दिसतो. मिस्त्री तो उजेडाकडे धरतात, कडेची रबरी सील बोटाने तपासतात. सील धड आहे. ती फाटली असती तर धूळ थेट सेन्सरवर आणि पुढं टर्बोच्या पात्यांवर गेली असती.

"क्लीनर मारू का सेन्सरवर?" पोरगा विचारतो. स्प्रेचा डबा त्याच्या हातात तयार आहे.

"आत्ता न्हाय. आकडे घ्यायच्या आधी पुसलास तर नंतर घाणीमुळं बिघाड हुता का दुसऱ्या कशामुळं, हे कुणाला सांगणार?"

तात्या घड्याळ बघतात. मिस्त्री इंजिन सुरू करतात.

इंजिन गरम होईपर्यंत ते पोराला आणि त्याच्या निमित्ताने तात्यांना आणि मला सेन्सरची करणी सांगतात. पूर्वी या कामाला हवेच्या रेट्याने उघडणारी झडप असायची. 1981 मध्ये बॉशने तापलेल्या तारेचं मोजमाप आणलं, आणि पुढे तारेच्या जागी पातळ पापुद्रा आला. हा पापुद्रा मधोमध तापवलेला असतो. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तापमान मोजणारे दोन बिंदू. हवा वाहू लागली की अलीकडचा गार पडतो, पलीकडच्याला मधली ऊब मिळते. दोघांतला फरक जेवढा जास्त, तेवढी हवा जास्त. हवा उलटी आली तर फरकही उलटतो. नुसता पंखा फिरवून हवा किती लिटर गेली एवढंच कळलं असतं. तापलेल्या पापुद्र्यावरून तिचं वजन कळतं, आणि डिझेल किती जळेल ते ठरतं वजनावर.

गरम झालेलं इंजिन ऐडलिंगला 850 फेऱ्यांवर स्थिरावतं. सेन्सरचा आकडा 190 मिलिग्रॅम, म्हणजे एका सिलिंडरात एका वेळी शिरणारी ताजी हवा. मिस्त्री ईजीआरचा कपलर काढतात. जळालेला धूर पुन्हा आत सोडणारी ती झडप मिटते, धुराची जागा ताजी हवा घेते. आकडा चढत जातो आणि 298 वर थांबतो.

आता खडू पुन्हा हातात येतो. पत्र्यावर 'रेडिएटर'च्या खाली हिशेब उतरतो. 1248 भागिले 4, म्हणजे एका सिलिंडराला 312 सीसी. इथल्या दाबाला आणि आजच्या गारव्याला एक लिटर हवेचं वजन अंदाजे 1.1 ग्रॅम. म्हणजे 312 सीसीत साधारण 345 मिलिग्रॅम. पण सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाही, 85 ते 90 टक्के भरतो. म्हणजे 293 ते 310.

"आन् सेन्सर म्हणतोय 298," पोरगा म्हणतो.

"मग खोटं बोलतोय का?"

पोरगा मान हलवतो. तात्या पत्र्याकडे बघत राहतात. ईजीआरचाही निकाल एका झटक्यात लागलाय. झडप अडकून उघडी राहिली असती तर कपलर काढल्यावर आकडा चढलाच नसता.

"पर हे झालं उभ्या गाडीचं," मिस्त्री कपलर परत बसवत म्हणतात. "आजार चढाला हाय. ट्रायल चढावरच मारायची."

पाऊस जरा उघडलाय. आम्ही चौघं गाडीत बसतो. पोरगा पुढे, टॅब मांडीवर. गावाबाहेरचा चढ सुरू होताच मिस्त्री तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हळू घेतात आणि मग अॅक्सिलरेटर पार खाली दाबतात. इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढे सरकायला मागत नाही. मागच्या काचेतून धुराचा काळा पट्टा रस्त्यावर पसरलेला दिसतो. पोरगा आकडे साठवत राहतो. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन मिस्त्री 2400 फेऱ्यांवरची ओळ शोधायला सांगतात.

संगणकाने मागितलेला दाब 1950 मिलिबार. मिळालेला 1450. एअर फ्लो सेन्सर म्हणतोय, एका वेळी 560 मिलिग्रॅम हवा आत गेली. मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान 50 अंश.

शेडमध्ये परतल्यावर पत्र्यावर दुसरा हिशेब मांडला जातो. 1450 मिलिबार दाबाखाली 50 अंशाच्या एक लिटर हवेचं वजन 1.56 ग्रॅम. 312 सीसीत 487 मिलिग्रॅम. दाबाखाली सिलिंडर जरा बरा भरतो, म्हणून 90 टक्के धरले. उत्तर 440 च्या जवळ.

मिस्त्री दोन आकडे एकाखाली एक लिहितात. 560. 440. मधे रेघ ओढतात आणि खाली 120.

"सेन्सर बसलाय फिल्टरच्या तोंडाशी. त्यो म्हणतोय, 560 आत सोडली. मॅप सेन्सर बसलाय इंजिनाच्या दाराशी. त्याच्या मापानं 440 पोचली. पाच-दहा टक्के इकडंतिकडं मी धरत न्हाय, सिलिंडर किती भरतो ते शेवटी अंदाजानंच हाय. पर ह्यो वीस टक्क्यांच्या वरचा फरक हाय. मधली 120 कुठं गेली?"

तात्या गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी आहेत. एवढा वेळ गप्प असलेला माणूस एकदम पुढे येतो.

"आरं, म्हंजे संस्थेत सकाळी 560 लिटर मोजून टँकरमधी घातलं, आन् चिलिंगला 440 भरलं!"

"बरोबर."

"मग टँकर गळतोय. मापवाल्याला कशाला हाकलायचं?"

मिस्त्री पहिल्यांदाच मोकळं हसतात. धुराचं कोडंही सुटतं. संगणक सेन्सरच्या 560 वर विश्वास ठेवून तेवढ्या हवेला चालेल इतकं डिझेल सोडतो, सिलिंडरात हवा असते 440 ची. जादाचं डिझेल अर्धवट जळतं आणि काळं होऊन मागून निघतं. दाब कमी पडतोय असं दिसलं की संगणक टर्बोची पाती आणखी मिटतो, टर्बो आणखी जोरात फिरतो, आणि ती मेहनतही गळतीतून बाहेर जाते. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना, वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, नळीतल्या एका फटीपुढे हात टेकते. असंच महिनोन्महिने चालवलं तर शेवटी टर्बोचाच जीव जातो.

"गळती असल तर असू द्या," तात्या फळीवरच्या खोक्याकडे बघतात. "पर आणलाय तर एकदा लावून तरी बघा."

मिस्त्री क्षणभर विचार करतात. "लाव रं. आज तुला एक गंमत दाखवतो."

पोरगा जुना सेन्सर काढतो. मिस्त्री मोबाइलच्या टॉर्चखाली आतला पापुद्रा दाखवतात. नखाएवढी काळसर चकती, तिच्यावर अगदी पुसट धूळ. बोट लावायचं नाही, कापूस लावायचा नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. पापुद्रा फाटला की संपलं. नवा सेन्सर बसतो. कोडांचे फोटो जवळ आहेत, तेव्हा आता कोड पुसले जातात. ईजीआरचा कपलर काढून ऐडलिंगचा आकडा पुन्हा घेतला जातो. 240.

"हवा तीच, इंजिन तेच," मिस्त्री म्हणतात. "आन् ह्यो सांगतोय 240. मगाशी 298 हुतं."

पुन्हा तोच चढ, तोच गिअर. तात्या मागच्या काचेला डोळे लावून बसलेत. धूर जवळजवळ नाही. पिवळा दिवाही लागत नाही.

"गेला की धूर!" तात्या ओरडतात. "बघा, सेन्सरच हुता."

"गाडी ओढतीया का?"

तात्या गप्प होतात. गाडी मघापेक्षाही मेल्यासारखी चढतेय. टॅबवर सेन्सरचा आकडा 455, मॅनिफोल्डचा हिशेब 440 च्या आसपास. दोन्ही आकडे जुळलेत, त्यामुळे पी-0101 उगवायचं कारण उरलेलं नाही. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांच्यातलं अंतर मात्र अजून तेवढंच आहे, थोड्या धावेनंतर पी-0299 पुन्हा येईलच.

माथ्यावर गाडी थांबवून मिस्त्री मागे वळतात. हा नवा सेन्सर साधारण वीस टक्के कमी मोजतोय. नळीही साधारण तेवढीच गळतेय. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्यात. हवा कमी आहे असं समजून संगणक डिझेल कमी सोडतो, म्हणून धूर गेला. डिझेल कमी म्हणून ताकदही गेली.

"गाडी अशीच तुमच्या हातात दिली असती," ते तात्यांना म्हणतात, "तर तुम्ही पैसे देऊन खुशीत गेला असता. लाईट बंद, धूर बंद. खरं सांगणारा काढला, खोटं सांगणारा बसवला, आन् तक्रार मिटली. फुटकी नळी तशीच."

गाडी खड्ड्यावर येते. जुना सेन्सर आपल्या जागी, नवा खोक्यात. आता सेन्सरपासून मॅनिफोल्डपर्यंतची वाट शोधायची. ऐडलिंगला काहीच ऐकू येत नाही, कारण तेव्हा नळीत दाबच नसतो. चढावर दाब असतो, पण तेव्हा नळीजवळ कान न्यायची सोय नसते. मोठ्या वर्कशॉपात यासाठी धूर सोडणारं यंत्र असतं. इथं मिस्त्रींनी पीव्हीसी पाइपाच्या टोपणाला भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवलाय. टर्बोच्या तोंडाची नळी सोडवून तिथं हे टोपण घट्ट बसतं, वर क्लॅम्प. इंजिनाच्या ब्रीदरची नळी पक्कडीने दाबून धरलेली. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर हळूहळू फिरतो.

"एक बारच्या वर जायचं न्हाय. नायतर चांगल्या जागंचं पण फुटंल."

एखाद्या उघड्या व्हॉल्वमधून थोडी हवा सायलेन्सरकडे निघून जाणारच, तिची बारीक फुस्स धरायची नाही. पोरगा बाटलीतलं शाम्पूचं पाणी एकेका जोडावर फवारतो. टर्बोचा जोड कोरडा. इंटरकूलरचं वरचं तोंड कोरडं. मॅनिफोल्डकडचा जोड कोरडा. खड्ड्यात उतरलेले मिस्त्री वर न बघता हात पुढे करतात, पोरगा बाटली देतो. इंटरकूलरच्या खालच्या नळीच्या वळणाला पाणी लागतं, आणि पांढरा फेस गरगरत फुगायला लागतो.

"वाका तात्या."

तात्या धोतर सावरून वाकतात, मीही वाकतो. नळी वरून धड आहे. खालच्या बाजूला, जिथं ती लोखंडी ब्रॅकेटला टेकते, तिथं बोटभर लांब चीर. दाब नसताना तिचे ओठ मिटलेले असतात, म्हणून नुसत्या नजरेला ती दिसली नसती. भोवती तेलकट काळा डाग आहे. टर्बोमागच्या नळीत तेलाचा पुसट अंश असतोच, गळती असेल तिथं तो बाहेर येऊन धूळ धरून बसतो. आणि नळी ब्रॅकेटपासून लांब धरणारी क्लिप जागेवर नाही. तिचं रिकामं भोक तेवढं आहे.

मिस्त्री खड्ड्यातून हात वर करून खडूने पत्र्याकडे खूण करतात. रेडिएटर काढायचा तर ही नळी बाजूला करावी लागते. बसवताना क्लिप राहिली. नळी ब्रॅकेटवर टेकली, चालत्या गाडीत घासत राहिली, आणि पावसाळा येईतो फाटली.

तशीच नळी गावात मिळत नाही. मिस्त्री कराडच्या दुकानाला फोन लावतात, नळीचा नंबर सांगतात. दुकानदार ती शिराळ्याकडे येणाऱ्या वडापवाल्याच्या हातात देईल. चहा येतो. तात्या संस्थेला फोन करून सांगतात, यायला उशीर होईल. पोरगा आता जुना सेन्सर खरोखरच स्वच्छ करतो. वीतभर अंतरावरून स्प्रे मारतो आणि आपोआप वाळायला ठेवतो. आकडे घेऊन झालेत, आता पुसायला हरकत नाही.

दुपार कलताना वडाप थांबतं आणि ड्रायव्हर खिडकीतून पिशवी देतो. नळी बसते, नवी क्लिप बसते. मिस्त्री क्लॅम्प आवळण्याआधी नळीचं तोंड कापडाने कोरडं पुसून घेतात. तेलकट तोंडावर आवळलेली नळी दाबाखाली निसटते. पुन्हा एक बार दाब, पुन्हा शाम्पूचं पाणी. फेस कुठंच नाही.

शेवटची ट्रायल तात्या स्वतः मारतात. चढाला पाय दाबताच गाडी अशी उचलते की पोराचं डोकं मागं जातं. मागं धूर नाही. 2400 फेऱ्यांना मागितलेला दाब 1950, मिळालेला 1920. सेन्सर म्हणतोय 590. मिस्त्री यावेळी खडू न घेता तोंडीच हिशेब सांगतात, 1920 ला 580 च्या आसपास यायला पाहिजे. नळी फाटलेली असताना हाच सेन्सर 560 सांगत होता. म्हणजे सकाळीही टर्बो जवळजवळ एवढीच हवा ओढत होता, आणि सेन्सर ती जवळजवळ एवढीच मोजत होता. बदललंय ते इतकंच, की ती आता इंजिनापर्यंत पोचतेय.

मग बिल होतं. नळी, क्लिप, आणि तिसरी ओळ: तपासणी. तात्यांचा चष्मा तिसऱ्या ओळीवर थांबतो.

"नळीपरास तपासणीच जास्त लावली की ओ."

"नळी बसवायला अर्धा तास लागला तात्या. शोधायला दिवस गेला." मिस्त्री हात पुसतायत. "नळीचं पैसे तुम्ही काय न बोलता देताय, कारण ती हातात धरून बघता येतीया. सेन्सर बदलून दिला असता तरी दिलं असतं. म्हणून तर लोक बदलत सुटत्यात. सामानाला बिल हाय, शोधण्याला न्हाय."

तात्या पैसे मोजून देतात, वर खोकं उचलून विचारतात, "आन् ह्याचं काय करू?"

"जिथनं आणलाय तिथं परत करा. घेत नसतील तर घरी ठिवा, पर गाडीत बसवू नगा."

तात्यांची गाडी रस्त्याला लागते न लागते तोच एक छोटी टर्बो पेट्रोल गाडी शेडसमोर येऊन थांबते. कॉलेजच्या वयाचा मुलगा काच खाली करतो. फोन दाखवतो, पडद्यावर पी-0299.

"मिस्त्री, एअर फ्लो सेन्सर बदलायचाय. मित्र म्हणाला, ह्या कोडाला त्योच असतो. किती लागतील?"

मिस्त्री गाडीचं मॉडेल बघतात. "ह्या गाडीला कंपनीनं त्यो सेन्सर दिलेलाच न्हाय. ही नुसता दाब आन् तापमान मोजून हवेचा हिशेब लावतीया."

मुलगा गोंधळून फोनकडे बघतो, मग मिस्त्रींकडे. पोरगा कुणी न सांगता टॅब आणायला आत गेलाय.

"बोनेट उघड," मिस्त्री म्हणतात. "आन् आधी सांग, ह्याच्या आधी गाडीचं काय काय काम केलंस?"